अबोलीचा रोवणा

मला अबोली लावता येते, असं आता मी म्हणू शकतो. तरी हे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळतो. कारण असंच वाक्य मी एकदा भर वर्गात, हात वर करून बोललो होतो, आणि तेव्हा ते साफ खोटं होतं.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. करडी गावाहून मी भंडाऱ्याला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे तिथे नेमकं काय करतात हे मी ज्याला विचारावं असं घरात कोणी नव्हतं, आणि मला विचारणारे मात्र सगळे होते. मी बॉटनी शिकतो, असं सांगायचो. बॉटनी म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "झाडाझुडपांचं शास्त्र." बाबा म्हणाले, "मंग भंडाऱ्याले कायले गेला? झाडं तं अथीच हायेत."

वर्गात मी मागून दुसऱ्या बाकावर बसायचो. शेवटचा बाक टवाळ मुलांचा होता, तिथे बसायला हिंमत लागे. सगळं शिकवणं इंग्रजीत. पहिलं वर्ष मी एकदाही हात वर न करता काढलं. कधी कधी उत्तर माहीत असायचं, पण ते मनात मराठीतून इंग्रजीत नेईपर्यंत तास संपून घंटा व्हायची.

बॉटनीच्या मॅडम मूळच्या कोकणातल्या, लग्न होऊन भंडाऱ्याला आलेल्या. त्यांच्या आईनं माहेरच्या परसातल्या अबोलीची बोंडं टपालानं पाठवली होती. आमच्याकडे झेंडू, शेवंती, कण्हेर, सदाफुली भरपूर; पण अबोली मी तोवर पाहिलेली नव्हती. मॅडमनी एकदा तिचं चित्र दाखवलं. गुडघ्याएवढं झुडूप, हिरव्या कणसासारखा तुरा, आणि त्यातून एकेक फूल बाहेर आलेलं, पिकल्या पपईच्या गराच्या रंगाचं. मग त्यांनी एक वाळलेलं बोंड आमच्यासमोर पाण्याच्या थेंबात ठेवलं. आम्ही वाट पाहत राहिलो. मागून कोणी तरी जांभई दिली, आणि तेवढ्यात फट्‌ करून ते बोंड फुटलं. त्यातलं बी थेट तिसऱ्या बाकावर जाऊन पडलं. पाणी लागलं की बोंड फुटतं आणि बी लांब उडतं, पावसाळ्यात झाड स्वतःची पेरणी स्वतःच करतं, असं मॅडमनी सांगितलं. कॉलेजात मला पूर्णपणे समजलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत मॅडम बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या. जाण्याआधी दोन दिवस वर्गात म्हणाल्या, "माझ्याकडे अबोलीची बावीस रोपं आहेत. मी येईपर्यंत कोणी सांभाळील का? कोणाला रोपं लावायचा अनुभव आहे?"

हा प्रश्न त्यांनी मराठीत विचारला होता, हे माझ्या लक्षात यायच्या आतच माझा हात वर गेला होता.

शेजारचा मुलगा अड्याळचा. आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. तो दबक्या आवाजात म्हणाला, "अबे, हात खाली कर. तुले काय समजते त्यातलं?"

"रोपं लावाचीच तं हायेत. जल्मापासून धानाचा रोवणा पाहून राहिलो मी."

मॅडमना मी उभं राहून शुद्ध मराठीत सांगितलं, "मॅडम, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. मला रोपं लावता येतात." सगळ्या वर्गानं वळून माझ्याकडे पाहिलं. ते मला फार आवडलं, हे कबूल करतो.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. पसरट कुंडीत बावीस रोपं होती, प्रत्येकाला चार-सहा पानं. मॅडमना बसून बोलतानाही धाप लागत होती. त्यांनी मला एक कागद दिला. "कसं लावायचं ते सगळं यात लिहिलंय. नीट वाच. आईच्या दारची आहेत, म्हणून सांगते. परत येईन तेव्हा चार-पाच जरी दिलीस तरी पुरे." घरी गंमत दाखवायला पाच-सहा वाळकी बोंडंही दिली. कागद आणि बोंडं दोन्ही मी शर्टाच्या खिशात घातली. कागद मराठीत होता, अक्षर मोत्यासारखं होतं आणि सूचना एकूण सहा होत्या. सहा हा आकडा मला दिसला, एवढंच. रोवणा कागदावर वाचून करणारा माणूस करडीत झालेला नव्हता, आणि तो पहिला मान मला नको होता.

आता पुढचं समजायला आमच्याकडचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, कसा होतो ते सांगायला हवं. धान आधी एका लहानशा वाफ्यात दाट पेरतात. रोपं वीतभर झाली की त्यांना पऱ्हे म्हणतात. पऱ्हे मुळासकट उपटायचे, पाण्यात हिसळून मुळांची माती धुऊन काढायची, मूठ-मूठ करून जुडी बांधायची. मग बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, चिखल करून, पाणी भरून, एकेक चूड, म्हणजे दोन-तीन रोपांची चिमूट, त्या चिखलात रोवायची. तळ्याखालच्या बांध्यांत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो. रोप लावणं म्हणजे हे. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं रोप लावतात, ही शक्यता मला शिवलीच नाही.

म्हणून एस.टी. स्टँडवर जायच्या आधी मी खोलीमागच्या नळावर बसलो. बावीसच्या बावीस रोपं कुंडीतून उपटली. मुळं खळखळून धुतली. एकही मातीचा कण राहू दिला नाही. तनसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, दोरी मिळेना म्हणून वहीच्या शिवणीचा दोरा काढला आणि छान जुडी बांधली. ओल्या रुमालात गुंडाळून जुडी मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. मोहाडीपर्यंत मी त्या जुडीकडे इतक्या मायेनं पाहत होतो की शेजारच्या बाईनं विचारलं, "मेथी होय का?"

घरामागे मोकळी जागा होती. रविवारी सकाळी मी तिथे खाटेएवढी बांधी केली. चारी बाजूंनी धुरा म्हणजे बांध घातला, पायांनी चिखल तुडवला, विहिरीच्या पंधरा बादल्या ओतल्या. आणि रोवायला मायला बोलावलं.

मायचा हात म्हणजे गावात नावाजलेला. रोवण्याच्या दिवसांत ओळीनं उभ्या बायांमध्ये पहिली जागा तिची. ती वाकून मागे मागे सरकत जायची आणि तिच्या हातची चूड कधी वर तरंगायची नाही की पिवळी पडायची नाही. "इचा हात लागला का धान मरत नाही," असं बाया म्हणत, आणि माय ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तिनं जुडी सोडली, एक रोप बोटांत फिरवून पाहिलं.

"काहून रे, हे पान्यातलं झाड होय का? याचं खोड पाय, कसं लाकडासारखं हाय. मले नाही वाटत हे चिखलात राहीन म्हून."

इथे मी जे बोललो ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

"माय, मी बॉटनी शिकून राहिलो. तू फक्त रोव."

कॉलेजात मी शेतकरी होतो आणि घरी बॉटनीवाला. दोन्हीकडे माझं म्हणणं तपासून पाहणारं कोणी नव्हतं. माय वाकली आणि तिनं बावीस रोपं दोन ओळींत रोवली, इतकी सरळ की दोरी धरल्यासारखी. बाबा तेवढ्यात बैल घेऊन निघाले होते, ते थांबले.

"हे कोन्तं धान होय गा? याले लोंब कवा येते?"

"बाबा, हे फूल होय."

"मंग कापाले किती मजूर लागतीन?"

माय हसली. मी हसलो नाही. शास्त्राची थट्टा मला आवडत नसे.

त्याच दिवशी दुपारी मायनं माझे कपडे विहिरीजवळच्या दगडावर धुवायला घेतले. मी आत जेवत होतो. बाहेरून तिचा आवाज आला, "माय वं! तुह्या खिशात फटाके होते का रे?" धावत जाऊन पाहिलं तर बोंडं फट्‌ फट्‌ फुटत होती आणि माय हात वर करून मागे सरकत होती. एक बी तिच्या कपाळाला लागलं. मॅडमचा कागद दगडावर लगदा होऊन पडला होता. शाईचा निळा ओघळ सांडपाण्यात चालला होता.

"कामाचा कागद होता का?" तिनं घाबरून विचारलं. "मले वाचता येत नाही, मी खिसा पाह्यलाच नाही."

"काही नाही," मी म्हणालो. "कॉलेजचंच काही तरी होतं."

चार दिवसांत रोपं मलूल झाल्याचं मायनं नंतर सांगितलं. पुढच्या शनिवारी आलो तर पिवळी. रोवण्यानंतर धान पिवळं पडलं तर आम्ही युरिया टाकतो, म्हणून मी युरिया टाकला. पाणी थोडं कमी वाटलं, म्हणून आणखी चार बादल्या ओतल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी बावीसपैकी एकही नव्हतं. ओढून पाहिलं तर खोड हातात आलं, खालचं सगळं काळं आणि कुजलेलं.

माय शेजारी उभी होती. तिनं ते काळं मूळ माझ्या हातातून घेतलं, बोटांनी चोळलं.

"माह्या हातचं कधी मेलं नव्हतं," ती म्हणाली. "आता हात उतरला वाटते माहा."

खरं तर याच क्षणी मला बोलायला हवं होतं. तू नको म्हणत होतीस, मीच हट्ट केला, आणि एक कागद होता तो मी वाचला नाही, अशी तीनच वाक्यं. पण ती बोललो असतो तर माझी बॉटनी गेली असती. वर्षभराची सगळी कमाई तेवढीच होती. मी म्हणालो, "होते असं कधी कधी. रोप मोठं नाजूक असते." आणि मायनं मान हलवली. त्या वर्षी उरलेल्या रोवण्यात ती पहिल्या जागेवर उभी राहिली नाही. कंबर दुखते म्हणाली. बायांनी आग्रह केला, तरी ती शेवटच्या जागेवरच गेली. मला ते माहीत होतं. मी भंडाऱ्याला निघून गेलो.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या पत्त्यावर मॅडमचं पोस्टकार्ड आलं. मुलगी झाली, लवकर झाली, पण बरी आहे, आणि अबोली कशी आहे? मी उत्तर लिहिलं, "अबोली मजेत आहे." त्यावर तिकीट वगैरे लावायचं नव्हतं, पोस्टकार्डच होतं; तरी ते पेटीत टाकायला मला तीन दिवस लागले. अड्याळवाला म्हणाला, "मेलेल्याले मजेत म्हनतेस बे? असं कर, 'अबोली आता बोलत नाही' असं लिही." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

पोळ्याला घरी आलो. बैलांच्या शिंगांना रंग लावायला पाणी हवं म्हणून विहिरीकडे गेलो तर धुण्याच्या दगडापलीकडे, सीताफळाच्या झाडाखाली, मायनं काट्यांचं कुंपण घातलेलं. आत मोडक्या कौलांचा आणि विटांचा जुना ढीग होता, त्यावर माती साचलेली. त्या मातीत अकरा लहान रोपं.

"हे काय होय?"

"तुहं फूल होय."

"कशावरून?"

मायनं माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न परत घ्यावासा वाटला. "बावीस रोप एकेक करून माह्या हातानं रोवलं. त्याचं पान मले नाही समजन का? निंदताना धानातून करगा काढतो आम्ही, तो तं हुबेहूब धानासारखाच दिसते." करगा म्हणजे धानात उगवणारं रानटी धान, लोंब येईपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

बी उडालं होतं दहा-बारा हात. जिथे पडलं तिथे पाणी साचत नव्हतं, कौलांच्या फटींतून निथळून जात होतं. सकाळी ऊन, दुपारी सीताफळाची सावली. मी तिथे बसून पाहत राहिलो. त्या कागदावर काय लिहिलं असावं, हे मला तेव्हा कळलं.

मी एक रोप उपटून मूळ बघावं म्हणून हात पुढे केला, तर मायनं हातावर चापट मारली. "हात नोको लावू! तुहा हात बॉटनीचा हाय."

तिनं हे थट्टेनं म्हटलं की मनापासून, ते मी विचारलं नाही.

पुढचं सगळं तिनं केलं, मी फक्त दर शनिवारी येऊन पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. पाऊस ओसरल्यावर तिनं सहा रोपं हलवली. खुरपीनं भोवतीची माती खोल कापून, मातीचा गोळा तसाच ठेवून, बाळाला उचलावं तसं दोन्ही हातांनी उचलून. तेलाच्या जुन्या डब्यांना खिळ्यानं बुडाशी भोकं पाडली, तळाशी कौलाचे तुकडे घातले, त्यावर माती आणि जुनं, पूर्ण मुरलेलं शेणखत. पाणी एक दिवसाआड, आणि बोट खुपसून पाहिल्यावर माती कोरडी लागली तरच. दिवाळीच्या सुमारास कुंपणाच्या फटीतून बकरीनं तोंड घालून पाच झाडांचे शेंडे खाल्ले. मी हळहळलो. महिनाभरानं पाहिलं तर त्या पाचांना चार-चार फांद्या फुटलेल्या, आणि न खाल्लेली झाडं काठीसारखी सरळ. शेंडे खुडा, असं त्या कागदावर नक्की असणार. ती एक सूचना आमच्या बकरीनं पाळली. थंडीत माय डबे रात्री चुलीच्या भिंतीशी ठेवायची. संक्रांतीनंतर पहिला तुरा उलगडला. मॅडमनी दाखवलेल्या चित्रातला रंग याच्यापुढे फिका होता.

मॅडम फेब्रुवारीत परत आल्या. मी दोन डबे घेऊन त्यांच्या घरी गेलो. वाटेत शुद्ध मराठीत एक कबुलीजबाब पाठ केला होता, "मॅडम, माझ्याकडून अक्षम्य निष्काळजीपणा घडला" असा काही तरी. मॅडम मुलीला मांडीवर घेऊन दारातच बसल्या होत्या. फुलं पाहून त्यांनी आधी हात लावला, मग वास घेतला, वास नसतो हे माहीत असूनही. म्हणाल्या, "आईच्या दारची." मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मॅडम, ती बावीस मेली. मी धुऊन, जुडी बांधून, चिखलात लावली. ही त्या बोंडांतली आहेत. मी नाही वाढवली. मायनं वाढवली."

कॉलेजातल्या कोणासमोर मी माय हा शब्द तोवर उच्चारला नव्हता, नेहमी आई म्हणायचो.

"धुऊन?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"जुडी बांधून?"

"वहीच्या दोऱ्यानं."

त्या इतक्या हसल्या की मुलगी दचकून रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आणि कागद?"

"वाचला नाही. धुण्यात भिजला." त्या हसायच्या थांबल्या. रागावल्या नाहीत; मुलीला थोपटत कागदातल्या सहाही सूचना त्यांनी तोंडी सांगितल्या आणि मग विचारलं, "चिखलात कोणी लावली? तू?"

"मायनं. मी सांगितलं म्हणून."

"त्यांना माहीत आहे का, कागदात काय होतं ते?"

त्या शनिवारची एस.टी. मला कधी नव्हे ती फार लवकर पोहोचली असं वाटलं. माय अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. मॅडमसमोर हे सोपं गेलं होतं, इथे मी सुपातले खडे वेचू लागलो.

"काय म्हनली मॅडम?"

"खुश झाली." मग मी म्हणालो, "माय, तो कागद होता ना. धुण्यात भिजला तो."

"हव."

"त्याच्यावर लिहून होतं, पानी साचू देऊ नोको म्हून. मुळाची माती काढू नोको म्हून. मॅडमनं देल्ला होता. तुहा हात नाही उतरला. तू बरोबर सांगून राहिली होती. मीच..."

माय सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती.

"मराठीत होता?"

"हव."

"आन्‌ भिजाच्या आधी तुह्या खिशात होता?"

"आदल्या दिवसापासून."

"तं तू वाचला काहून नाही?"

मायनं दोन्ही हात पुढे धरून तळवे पाहिले, उलटे करून पाहिले, पुन्हा सरळ केले. मग तिला हसू आलं. आधी बारीक, मग पदर तोंडात धरून, मग सूप कलंडून तांदूळ सांडला तरी थांबेना. बाबा आतून बाहेर आले. त्यांनाही सांगितलं तिनं, माझ्यादेखतच.

पुढच्या रोवण्याला माय पहिल्या जागेवर उभी राहिली. मी धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन पोहोचलो तेव्हा ती वाकलेलीच, मागे सरकत, साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "माहा पोरगा मोठा शिकते वं बाई, पन वाचत नाही."

याला आता सात-आठ वर्षं झाली. मला नोकरी लागली, अंगणात अबोलीची सोळा झाडं आहेत, शेंडे मी स्वतः खुडतो. तरी रोवण्याच्या दिवसांत गावी गेलो आणि बांधीजवळून चाललो की वाकलेल्या बायांतली एखादी मान वर न करताच विचारते,

"काहून गा, कागद वाचला का?"

आणि पहिल्या जागेवरून मायचा हसण्याचा आवाज येतो.